एक दिवस चुकला म्हणून काहीही शून्य होत नाही

आईच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय लटकवलेलं असतं. त्यातल्या जुलैच्या पानावर लाल पेनाने सोळा बरोबरच्या खुणा केल्यात, आणि मग त्या सोळाच्या सोळा खुणांवर काळ्या पेनाने एकेक आडवी रेघ मारलीय. अगदी सरळ, पट्टी लावल्यासारखी, कारण आईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंय आणि चुकलेलं गणित कसं खोडायचं हे तिच्या हातात बसलेलं आहे. मागच्या रविवारी मी गेले होते तेव्हा ते पान दिसलं, विचारलं हे काय गं, तर म्हणाली, "ते एकवीस दिवसांचं होतं. माझ्याच्याने नाही झालं. माझ्यात तेवढं मनोबलच नाही बघ." आणि परत भेंडी चिरायला लागली.

माझी आई 66 वर्षांची आहे. डायबिटीस निघाला त्याला सहा वर्षं झाली आणि ती सहा वर्षं ती रोज सकाळी कमाटीबागेत चालायला जाते. जायची म्हणायला पाहिजे, कारण या सोमवारपर्यंत साडेतीन आठवडे ती घराबाहेर चालायला पडलेलीच नव्हती. एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे. म्हणून हे लिहितेय आणि चिडूनच लिहितेय.

मेसेज तुमच्यापर्यंतही पोचला असेल. आमच्या वडोदऱ्यात तो गुजरातीत फिरतोय, हिंदीत फिरतोय, आईच्या भिशीच्या ग्रुपवर मराठीत आला. वर सूर्योदयाचा फोटो, "शरीर नंतर, आधी मन फिट करा" असं मोठ्या अक्षरात, आणि खाली नियम. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कोणतीही सवय 21 दिवसांत कायमची लागते, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. मध्ये एक दिवस जरी चुकला तरी मेंदू शून्यावर जातो, परत पहिल्या दिवसापासून मोजा. दुखणं, थकवा, ताप हे मनाचे बहाणे आहेत, जो थांबला तो कमकुवत. रोज सकाळी वजन करा, वाढलं असेल तर त्या दिवशी एक जेवण बंद. दहा हजार पावलांच्या खाली चाललात तर तो व्यायाम धरायचाच नाही. पहाटे पाचच्या आधी उठा. आणि शेवटी, नवरात्रापर्यंत तीन वेळा 21 पूर्ण करा, गरब्यात फरक दिसेल, दहा जणांना पाठवा.

दादाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, त्यात वाईट काय लिहिलंय, व्यायाम करा असंच तर सांगतायत." हेच सगळे म्हणतात. व्यायाम करा एवढंच सांगितलं असतं तर मी एक अक्षर बोलले नसते. पण यात जो आधीपासून व्यायाम करत होता त्याचा व्यायाम बंद पडेल असा नियम घातलाय, आणि तो बंद पडला की दोष त्याच्याच मनाचा असंही आधीच लिहून ठेवलंय.

आधी तो 21 आकडा. 1960 साली मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या न्यूयॉर्कच्या एका प्लास्टिक सर्जनचं पुस्तक आलं. त्यांनी आपल्या पेशंटमध्ये असं बघितलं होतं की नाकाचं, चेहऱ्याचं ऑपरेशन झालं की आरशातला नवीन चेहरा आपलाच वाटायला माणसाला किमान साधारण 21 दिवस लागतात. हात किंवा पाय कापावा लागला तर तो अजून आहेच असं वाटत राहतं, ते कमी व्हायलाही तेवढेच. बस, एवढंच. एका डॉक्टरने आपल्या पेशंटबद्दल सांगितलेली गोष्ट, त्यात "किमान" होतं, "साधारण" होतं. पुढे सांगणाऱ्यांनी हे दोन्ही शब्द गाळले, चेहऱ्याच्या जागी "कोणतीही सवय" घातली आणि वर विज्ञानाचा शिक्का मारला. नवीन नाकाची सवय होणं आणि रोज सकाळी बूट घालून बाहेर पडणं यात काय संबंध आहे मला कोणीतरी सांगा. नाक तर चोवीस तास तोंडावरच असतं, त्यासाठी उठावं लागत नाही.

मग सवय लागायला खरंच किती दिवस लागतात? हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून बघितलंय, 2010 साली ते युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजीमध्ये छापून आलं. मी दोन रात्री बसून वाचलं, आकडेमोड सगळी डोक्यात शिरली नाही पण मुद्दा अगदी स्पष्ट आहे. 96 जण घेतले. प्रत्येकाने आपल्या मनाने एक नवीन गोष्ट निवडायची, खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची, आणि ती रोज एका ठरलेल्या गोष्टीला जोडून करायची, म्हणजे कोणी दुपारच्या जेवणाबरोबर एक फळ, कोणी जेवणाबरोबर बाटलीभर पाणी, कोणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं. बारा आठवडे म्हणजे 84 दिवस रोज लिहायचं, आज केलं का, आणि ते आपोआप झालं की स्वतःला ढकलावं लागलं. निघालं काय, तर सगळ्यात लवकर सवय लागली 18 दिवसांत आणि सगळ्यात हळू ज्याची होती त्याला हिशेबाने 254 दिवस लागतील असं दिसलं. मधला आकडा 66. म्हणजे निम्म्या लोकांना 66 पेक्षाही जास्त. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला.

हा काही फार मोठा प्रयोग नाही, लोकांनी स्वतःच भरलेल्या माहितीवर आहे, हे मी कबूल करते. पण मेसेजवाल्यांकडे तर एकही प्रयोग नाही, नुसता सूर्योदयाचा फोटो आहे.

आता यातला सगळ्यात भयंकर नियम, ज्याच्यामुळे माझ्या आईच्या सोळा खुणा खोडल्या गेल्या. एक दिवस चुकला की शून्य.

झालं असं की 19 जुलैला सुरतेला मामांचं तेरावं होतं. आईच्या सख्ख्या भावाचं. पहाटेच्या गाडीने गेले, रात्री उशिरा परत आले, चालणं झालं नाही. आता कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं की बाई, भावाचं तेरावं होतं, उद्या जा. पण मेसेज म्हणतो शून्य. तर तिने परत आल्यावर सोळा रेघा मारल्या आणि 21 तारखेपासून पुन्हा एकपासून सुरू केलं. नवव्या दिवशी ताप आला, 101. तरी ती बूट घालायला लागली होती कारण "ताप हा मनाचा बहाणा", शेवटी बाबांनी बूट उचलून माळ्यावर टाकले. परत शून्य. त्यानंतर तिने सुरूच केलं नाही. पहिल्या वेळेला सोळा, दुसऱ्या वेळेला आठ, म्हणजे जवळजवळ महिनाभरात ती चोवीस दिवस चालली होती, आणि तिच्या मनात हिशेब काय झाला तर शून्य. गणिताच्या बाईंच्या!

लॅलीबाईंच्या त्याच प्रयोगात हेही बघितलं होतं. एखादा दिवस राहून गेला तर सवय लागण्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी जवळजवळ होती तिथूनच पुढे गेली. हां, जे लोक सारखंच चुकवत राहिले त्यांना सवय लागली नाही, हे खरं आहे आणि मेसेजमध्ये अर्धी खरी गोष्ट असेल तर ती एवढीच आहे, की सातत्य लागतं. लागतंच. पण सातत्य म्हणजे एकही दिवस न चुकणं असं कोणी सांगितलं? घरात आजारपण येतं, पाहुणे येतात, कोणी जातं, पाऊस पडतो. ज्या नियमात या गोष्टींना जागा नाही तो नियम माणसांसाठी लिहिलेलाच नाही.

शरीराचंही तेच. एक दिवस चाललं नाही म्हणून पायातली ताकद पळून जात नाही, दम कमी होत नाही, दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवलं तर मग चढण चढताना जाणवायला लागतं. आणि डायबिटीसवाल्यांसाठी तर अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने साफ सांगून ठेवलंय की सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका, कारण चालल्याने इन्सुलिनचं काम सुधारतं ते एक-दोन दिवस टिकतं, मग हळूहळू उतरतं. आईला हा नियम कोणी पाठवला असता तर ती सुरतेहून आल्यावर निवांत झोपली असती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेली असती. दोन्ही नियम बाजूबाजूला ठेवून बघा. एक म्हणतो चुकलं तरी चालेल, पण उद्या-परवा ये. दुसरा म्हणतो चुकलं म्हणजे तू संपलीस.

ॲलन मार्लॅट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, ते दारू सोडणाऱ्या लोकांबरोबर काम करायचे. त्यांच्या लक्षात आलं की माणूस एकदा घसरला की तो एक पेला तितका घात करत नाही, त्यानंतर मनात येणारा विचार घात करतो: आता सगळं वायाच गेलं, मी आहेच असा, मग आता कशाला थांबायचं. तिथून पुढची घसरण सुरू होते. म्हणून ते लोकांना आधीच शिकवायचे की घसरलात तर काय करायचं. आणि हा मेसेज काय करतो? तोच विचार, तोच नेमका घातक विचार, नियम म्हणून लिहून देतो. शून्य. पुन्हा पहिल्यापासून. तू कमकुवत.

आणि मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू, आईला हे सगळं आधीपासून येत होतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं ते आठवतंय ना, लोकांच्या सोसायट्यांमध्ये मगरी निघत होत्या. कमाटीबाग तर नदीला लागूनच, तिथे जायचा प्रश्नच नव्हता. आई तीन आठवडे कुठेही चालली नाही, घरातलाच गाळ काढत होती. मग एके दिवशी सकाळी उठली, बूट उन्हात वाळवलेले होते ते झटकून घातले, आणि गेली. कोणी तिला सांगितलं नव्हतं, कुठे खूण केली नव्हती, मनोबल वगैरे शब्द तर घरात कोणी काढलाच नव्हता. पहिल्या दिवशी अर्धाच फेरा मारून आली, म्हणाली पाय जड झालेत, चार दिवसांनी पूर्ण मारते. मारला. तीन आठवड्यांच्या खंडानंतर जी बाई स्वतःहून परत जाते तिच्याकडे मनोबल नाही असं तिला पटवून द्यायला एक फॉरवर्ड पुरला.

मी शाळेत असताना दोरीच्या मल्लखांबाला जायचे. या गावाला आखाड्यांची जुनी परंपरा आहे, दांडिया बाजारात प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, जुन्या वडोदरेकरांना सांगायला नको. आमचे सर कडक होते, उशीर झाला की बाहेर उभं करायचे. पण परीक्षेमुळे किंवा आजारपणामुळे दहा-बारा दिवस बुडाले आणि आपण मान खाली घालून दारात उभं राहिलो की ते एवढंच म्हणायचे, "आलीस? बरं, आज फक्त चढ आणि उतर." पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी धरायची ती कातडी दहा दिवसांत मऊ पडलेली असते, पहिल्या दिवशी सोलून निघते, हे त्यांना माहीत होतं. म्हणून पहिल्या दिवशी कमी. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. आठवड्यात आपण होतो तिथे. इतकी साधी गोष्ट आहे आणि आखाड्यात शिकलेल्या कोणालाही ती माहीत असते.

आता दुखण्याचा आणि जेवणाचा नियम. हे दोन मी एकत्र घेते कारण दोन्हीत जिवाशी खेळ आहे.

दुसऱ्या वेळच्या पाचव्या दिवशी, म्हणजे 25 जुलैला रात्री सव्वादहाला मला बाबांचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं काहीतरी झालंच. आई स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती, घामाने ब्लाउज भिजलेला, साखरेचा डबा पुढ्यात आणि त्याचं झाकण तिच्याने उघडेना. हात इतके थरथरत होते. बाबा टीव्ही बघत होते, डबा ओट्यावर खटखट आपटल्याचा आवाज आला म्हणून उठले. मी फोनवर, ते मशीनने शुगर बघतायत, 58 आली. 70 च्या खाली म्हणजे कमी, हे त्यांना डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितली, 84, मग दूध-पोळी खायला लावली. ते सगळं होईपर्यंत मी फोन कानाला लावून जिन्यात उभी होते, एका हातात गाडीची किल्ली.

कारण काय? आदल्या दिवशी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर शेव-उसळ खाल्ली होती. सकाळी वजनकाट्यावर 700 ग्रॅम जास्त दिसलं. मेसेज म्हणतो वाढलं तर एक जेवण बंद. तिने रात्रीचं जेवण बंद केलं. गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली. तिच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, डायबिटीसच्या खूप लोकांना असतं, ते पोटात अन्न असो नसो शुगर खाली आणतच राहतं. असली गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाने जेवण टाकणं म्हणजे रात्री झोपेत शुगर उतरण्याची तयारी. बाबा झोपले असते तर? हा विचार मी पुढे करत नाही.

आणि ते 700 ग्रॅम तरी काय होते? पाणी. खारट-तिखट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, मोठ्या माणसाचं वजन एका दिवसात किलो-दोन किलो असंच इकडेतिकडे होत असतं. 700 ग्रॅम चरबी अंगावर चढायची तर रोजच्या खाण्याच्या वर पाच हजारांहून जास्त कॅलरी पोटात जायला पाहिजेत, एका बशी शेव-उसळीत तेवढ्या कुठून येणार. म्हणजे नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून तिने जेवण टाकलं. वजन बघायचं तर आठवड्यातून एकदा बघा, महिन्याचा कल बघा. काही लोकांना रोज बघूनही काही वाटत नाही, त्यांनी रोज बघावं. पण काट्यावरच्या आकड्याने ज्यांचा दिवस खराब होतो, त्यांना रोज काट्यावर उभं करून वर शिक्षा सांगायची, याला निरोगी मन म्हणतात का?

"दुखणं हा बहाणा" याबद्दल थोडंच पण नीट वाचा. नवीन व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखतात ते साधं दुखणं, दोन-तीन दिवसांत जातं, त्यात हलकं चालायला हरकत नसते, इथपर्यंत मेसेजवाल्यांचं धरून चालू. पण सांध्यात कळ येणं वेगळं. चालताना छातीत दाब येणं, तो डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, एकदम दम लागून घाम फुटणं हे पूर्ण वेगळं, तिथे थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. सवय नसताना एकदम दोनशे-तीनशे उठाबशा काढल्या तर कधी कधी स्नायू आतून फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते आणि किडनीवर येतं. व्हायरल तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, तेव्हा दमवणारा व्यायाम धोक्याचा. 2023 च्या नवरात्रात गरबा खेळताना माणसं कोसळून गेल्याच्या बातम्या आपण गुजरातमध्ये राहून वाचल्यात, आणि तरी नवरात्राच्याच नावाने "थांबेल तो कमकुवत" असं लिहून पन्नाशी-साठीच्या लोकांच्या ग्रुपवर फिरवायचं? ज्याने लिहिलं त्याला हे माहीत नसेल तर त्याने लिहू नये. माहीत असून लिहिलं असेल तर त्याला काय म्हणावं मला कळत नाही.

दहा हजार पावलं. हा आकडा गाजला तो असा: 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर 1965 मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" अशा अर्थाचं होतं. 2019 मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांची पावलं मोजली, सरासरी वय 72. दिवसाला साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण 41 टक्के कमी निघालं, आणि 7,500 च्या आसपास गेल्यावर पुढे आणखी फायदा फारसा दिसला नाही. ज्या जास्त धडधाकट त्या जास्त चालत असतील हेही त्यात थोडं असणार, पण "दहा हजारच्या खाली व्यायाम धरायचा नाही" हे तर उघड खोटं आहे. आईचा बागेतला फेरा साडेचार-पाच हजारांचा होतो. सहा वर्षं ती जे करत होती ते मेसेजच्या हिशेबात व्यायामच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर 2020 मध्ये एका वेळी सलग दहा मिनिटं तरी करा ही जुनी अटसुद्धा काढून टाकली. आठवड्याला 150 मिनिटं जोरात चालणं, दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काही, 65 च्या पुढच्यांनी तोल सांभाळायचे व्यायाम, आणि जमेल तितकं केलंत तरी ते मोजलं जातं, असं ते म्हणतात.

पहाटे पाचचं मला फार बोलायचं नाही. ठरलेली वेळ असली की बरं पडतं हे खरंच आहे, लॅलीबाईंच्या प्रयोगाचा पायाच तो आहे, रोजच्या एखाद्या गोष्टीला नवीन गोष्ट जोडायची. पण ती वेळ पहाटे पाचच कशाला? माझी नाश्ता-डबे झाल्यावर साडेदहाला आहे, दादाची दुकान बंद केल्यावर रात्री नऊला. झोप मोडून उठायचं आणि दिवसभर पेंगायचं यात कसलं आलंय मन.

आणि खुणा करायच्या की नाही? करा. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करा, आईलाही आवडत होतं, सकाळी आल्यावर चहा ठेवायच्या आधी ती पेन शोधायची. केलेल्या दिवसांची खूण करा, राहिलेला दिवस रिकामा सोडून द्या. केलेलं खोडू नका. जे दिवस तुम्ही चाललात ते तुमच्या पायात, तुमच्या रक्तात गेलेले आहेत, ते काढून घ्यायचा अधिकार कुठल्याही मेसेजला नाही.

भिशीच्या ग्रुपवर ज्या काकूंनी हा मेसेज टाकला त्यांना मी फोन केला होता. चांगल्या मनानेच टाकला होता त्यांनी, आईच्या 58 शुगरचं ऐकून त्या रडायलाच लागल्या, मलाच त्यांची समजूत काढावी लागली. त्यांनी सांगितलं की त्यांचंही दोनदा शून्य झालं होतं आणि लाज वाटून त्यांनी ग्रुपवर कोणाला सांगितलं नव्हतं. मग भिशीतल्या आणखी दोघी निघाल्या. म्हणजे चौघी बायका आपापल्या घरात बसून आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजत होत्या. तुमच्या घरात, ग्रुपवर अशी कोणी असेल तर तिला एकदा विचारा. हे सगळं पाठवायची गरज नाही, एक दिवस राहिला तर काही बिघडत नाही एवढं सांगितलंत तरी पुष्कळ.

बाबांनी सोमवारी बूट माळ्यावरून काढले. मंगळवारी आई गेली, मीही बरोबर होते, फुलांच्या घड्याळापर्यंत जाऊन बाकावर बसलो आणि परत आलो, बारा मिनिटं झाली असतील. बुधवारी गेली. गुरुवारी सकाळपासून पाऊस होता, नाही गेली. आज सकाळी फोन केला तर उचलला नाही, वीस मिनिटांनी तिचाच आला, म्हणाली बागेत होते गं, फोन घरी राहिला.